पाहिलंस की वाटलं?

अप्रेंटिसशिपच्या पहिल्या दिवशी माझ्या वहीत नऊ कामं लिहिलेली होती. सातवं होतं, ‘रेज यांना भेटणे’. ब्रिस्टलच्या त्या हँगरमध्ये विमानांची देखभाल चालते, रेज तिथले सर्वांत जुने इन्स्पेक्टर आहेत आणि पुढची चार वर्षं ते माझे मेंटॉर असतील, एवढंच ईमेलमध्ये होतं. मी एक उंच, पांढऱ्या मिशांचा इंग्रज म्हातारा मनात धरून गेले. शिडीवरून उतरला तो पाच फुटी, सावळा, कपाळावर दोन चष्मे चढवलेला माणूस. माझा बिल्ला वाचून म्हणाला, “पेंडसे? पुण्याच्या का?”

ते प्रभाकर रेगे होते. आडनावाचं स्पेलिंग पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ‘रेज’ असं वाचलं आणि त्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. “विमानातली चूक शोधायचा पगार मिळतो मला, नावातली नाही,” म्हणायचे.

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, मुलं मोठी केली आणि डिग्री अप्रेंटिसशिपला वयाची अट नसते हे कळल्यावर अर्ज केला. चार दिवस हँगर, बुधवारी युनिव्हर्सिटी. पहिल्याच बुधवारी वर्गातल्या अठरा वर्षांच्या मुलांनी मला ऑफिसातली बाई समजून फॉर्म कुठे द्यायचा म्हणून विचारलं. मी रेगेकाकांना ते रडवेल्या आवाजात सांगितलं, तर म्हणाले, “मग? बरोबर सांगितलंस ना कुठे द्यायचा?”

पहिल्या दिवशीचं ‘तुम्ही’ त्यांनी दुसऱ्या दिवशी काढून घेतलं होतं. “शिकाऊ माणसाला मी अहो-जाहो करत नाही. शिक्का मिळाला की पुन्हा तुम्ही म्हणेन.” प्रत्येक इन्स्पेक्टरचा स्वतःच्या नंबरचा एक शिक्का असतो. कामाच्या कार्डावर तो उमटला की त्याचा अर्थ, हे मी माझ्या डोळ्यांनी तपासलं आहे. काकांचा नंबर एक्केचाळीस. तो शिक्का वरच्या खिशात असायचा आणि खिशाला बटण.

मी म्हणायचे, “काका, हा बोल्ट घट्ट आहे असं वाटतं.”

“पाहिलंस की वाटलं?”

हा प्रश्न ते दिवसातून वीसदा विचारत. बोल्टबद्दल, हवेबद्दल, बसच्या वेळेबद्दलसुद्धा. एकदा मी वैतागून म्हटलं, “माणसाला काही वाटूच नये का?” तर म्हणाले, “वाटायचं ते घरी, मिक्सरमध्ये. चटणी छान होते. इथे पाहायचं.” माझ्या वह्यांची मात्र ते यथेच्छ टिंगल करत. मला ‘यादीबाई’ हे नाव त्यांनीच ठेवलं.

तिसऱ्या वर्षी, थंडीतल्या एका सकाळी, विमानाची चाकं आत गेल्यावर मिटणाऱ्या दाराची बिजागरी तपासून त्यांनी कार्डावर शिक्का मारला. ते गेल्यावर मी लॉगबुकच्या सरावासाठी तीच बिजागरी पुन्हा बघत होते. बोल्टच्या भोकापाशी एक रेघ दिसली. फडक्याने पुसली, जाईना. टॉर्च तिरपा धरून भिंग लावलं. तडा होता. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा.

डोक्यात सवयीने यादी सुरू झाली. एक, सांगायचं. दोन, सांगितलं तर एक्केचाळीस नंबर जाईल. पुढे यादी सरकेना. मी त्यांना बोलावून आणलं.

“काका, मला वाटतं…”

“पाहिलंस की वाटलं?”

“पाहिलं.”

त्यांनी भिंग घेतलं. एक चष्मा काढून दुसरा लावला. टॉर्च या बाजूने धरला, त्या बाजूने धरला. खूप वेळ गेला. मग हळूच म्हणाले, “मला नाही गं दिसत.”

मी पटकन म्हणाले, “मग नसेल. मला नुसतं वाटलं असेल.”

इतक्या दिवसांत ते माझ्यावर एकदाच ओरडले, ते तेव्हा. “आत्ता पाहिलं म्हणालीस! उद्या यात माणसं बसणार आहेत. त्यांना काय सांगू, यादीबाईंनी माझी लाज राखली? लिही.”

मी पेन उचललं. मजकूर त्यांनीच सांगितला, स्वतःच्या नंबरासकट.

बिजागरी बदलली. काकांना कुणी दोष दिला नाही. डोळ्यांच्या तपासणीत पडद्याचा आजार निघाला, बरा न होणारा. शिक्का त्यांनी रुमालाने पुसून स्वतः ऑफिसात नेऊन दिला आणि नंतर दिवसभर रिकाम्या खिशाचं बटण चाचपत राहिले. त्याआधीच्या काही महिन्यांत त्यांनी तपासलेलं सगळं पुन्हा तपासायचं ठरलं. ती यादी मी केली. ते शेजारी बसून एकेक काम आठवून सांगत होते. कुठेच काही निघालं नाही. ते सांगायला मी त्यांच्या घरी गेले तर दारातच त्यांनी विचारलं, “सगळं पाहिलं ना?”

पुढच्या वर्षी पोटाचं दुखणं निघालं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. बुधवारी युनिव्हर्सिटी सुटली की मी हॉस्पिटलला जायचे. मऊ भात, धुतलेले कपडे, रेडिओचे सेल. डॉक्टर म्हणाले, या आजाराचा आणि नोकरी सुटण्याचा काही संबंध नाही. तरी मला वाटतं, आणि हे नुसतं वाटणंच आहे, की तो खिसा भरलेला असता तर ते आणखी थोडे टिकले असते.

काका वसंतात गेले. मला शिक्का मिळाला तो त्यानंतर पाच महिन्यांनी. ‘काकांना दाखवणे’ ही ओळ वहीत होती. ती मी खोडली नाही, पुढच्या वहीत उतरवूनही घेतली नाही. माझ्या वह्यांत तशी ती एकच.

शेवटच्या बुधवारी ते उशीला टेकून बसले होते. मनगटावरचं घड्याळ घसरून पार कोपरापर्यंत गेलं होतं. डब्यातला भात त्यांनी दोन चमचे खाल्ला आणि म्हणाले, “आज बरं वाटतंय.”

मी डब्याचं झाकण लावलं. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. घड्याळाकडे बघायचं टाळत होते.

“विचारा ना, पेंडसेबाई,” ते म्हणाले.

“काय?”

“रोजचं.”

मला ते नीट विचारता आलं नाही, पण विचारलं. “पाहिलंत की वाटलं?”

“वाटलं,” काका म्हणाले. “नुसतं वाटलं. आज तेवढं चालेल.”