लग्नपत्रिकांमागचा राक्षस

माझा मित्र वारला अन् त्याची राक्षसाची गोष्ट अर्धी राहिली. कित्येक वर्षं लिहीत होता. वहीत नाही, घरी आलेल्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. वहिनींनी पत्रिकांची पिशवी माझ्यापुढं ठेवली.

"भाऊजी, एवढं लावून द्या. राक्षस घरी वापस येते का नाही, मले ऐकाचं आहे. मले वाचता येत नाही, अन् तो रुसून गेला एवढंच ते जितेपणी सांगत, पुढचं नाही."

मी चौथी शिकलो. पण आमच्या कोंढा गावातल्या अर्ध्या लोकांचे अर्ज मीच लिहिले. माझी लेक म्हणाली, मास्तरले दाखवा. मी म्हटलं, मास्तरले काय कळते राक्षसातलं?

गोष्ट अशी. वैनगंगेच्या काठाखाली सात मुंडक्यांचा राक्षस राहतो. धरणाचं पाणी चढते, महाल बुडते. राणी म्हणते, सात मुंडके, पण अक्कल एकातही नाही. तो रुसून निघतो अन् पुनर्वसनाचा प्लॉट मागायला हापिसात जातो. तिथं प्रत्येक मुंडक्याचा वेगळा फोटो मागतात.

पानांवर आकडे नव्हते. पण पत्रिकेवर लग्नाची तारीख असतेच! तारखेनं लावून टाकल्या अन् वहिनींना वाचून दाखवल्या. राक्षस आधी म्हातारा झाला, मग हापिसात रांगेत उभा राहिला, मग जन्मला.

"म्हातारा जन्मते कसा, भाऊजी?"

"तो त्याचा लहान भाऊ आहे," मी ठोकून दिलं.

"सात मुंडक्यांचं एक झाल्यावर मायनं दुसऱ्याचं नाव घेतलं असन का?" वहिनी पदर तोंडाशी धरून हसत सुटल्या. मग म्हणाल्या, "ते पिशवीत हात घालत अन् जे हाती लागन त्याच्यावर लिहीत. तारखेचा काय संबंध?"

हे आधी सांगायचं होतं ना! चार दिवस पत्रिका अंगणभर पसरून मी नव्यानं लावल्या. गोष्ट जुळली, पण शेवट कुठंच नव्हता. म्हणून तो मीच लिहिला. राक्षस प्लॉटचा कागद घेऊन घरी येतो, सातही मुंडके खाली घालतो अन् राणीले म्हणतो, "चुकलं माझं."

वाचून झालं. वहिनी हसल्या नाहीत.

"हे त्याहीनं नाही लिवलं."

"त्याहीनंच लिवलं."

"भाऊजी, चाळीस वर्षं संसार केला. एका तोंडानं कधी चुकलं म्हटलं नाही. ते सात तोंडानं म्हणवतीन?"

मी कागद फाडायला घेतला, तर त्यांनी माझा हात धरला.

"फाडू नका. पुन्हा वाचा. अन् एकदाच नाही, सातही मुंडक्यांचं येगयेगळं."

मी माझ्या बायकोलेही हे शब्द कधी बोललो नव्हतो. पण वाचलं. एक मुंडकं जाड्या आवाजात, एक बारक्या, एक खोकत. सात वेळा. पाचव्यानंतर वहिनी हसत होत्या की रडत, ते मी वर मान करून पाहिलं नाही.