वापर : काही नाही

त्या फॉर्मातला शेवटचा रकाना माझ्या हट्टानं आला. मॅडमच्या मूळ फॉर्मात तो नव्हता.

विद्यापीठाच्या माणसांवर माझा विश्वास नव्हता, हे आधीच सांगतो. बुऱ्हाणपूरच्या शिवारात कोण येऊन गेलं नाही? एक जण केळीच्या मुळ्या मोजतो, दुसरा तापीचं पाणी बाटलीत भरून नेतो, तिसरा आमच्या बायांना विचारतो की घरात निर्णय कोण घेतं. परत कुणी येत नाही. त्यावर मी एक पत्रकही काढलं होतं, 'आम्ही नमुना नाही'. पाण्याच्या आणि जमिनीच्या प्रश्नावर भांडणाऱ्या पोरांची आमची संघटना होती आणि पत्रकं लिहिणं हे तिथं माझं काम. चार ओळी आरोप, दोन ओळी मागणी, खाली 'जागे व्हा'.

ते पत्रक मॅडमच्या हाती पडलं. त्या भूगोलाच्या प्राध्यापक. अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि मातीचा अभ्यास करणारी माणसं सोबत घेऊन आल्या होत्या. तापीच्या या पट्ट्यात जमीन कशी वापरली जाते आणि पुढच्या पिढ्यांना उरेल अशी कशी वापरता येईल, हा त्यांचा विषय. मला बोलावून म्हणाल्या, "शिव्या चांगल्या देता. आता फॉर्म भरून दाखवा."

मी एक अट घातली. फॉर्मात 'लोकांच्या शब्दांत' असा एक रकाना हवा. माणूस जे बोलला ते जसंच्या तसं, आपल्या पदरचा एक शब्द न घालता. मॅडम लगेच हो म्हणाल्या. मला वाटलं होतं त्या भांडतील.

काम माझ्याच गावात मिळालं. सकाळी शिवारफेरी निघायची. चार विषयांची चार माणसं एकाच बांधावर उभी राहून चार गोष्टी बघायची. अर्थशास्त्राचे सर प्रत्येक तुकड्यापाशी थांबून उत्पन्न विचारायचे. पाराजवळच्या लिंबाखाली त्यांनी तेच विचारलं, तर तिथं बसलेली शेजारची काकू म्हणाली, "सावली विकत नही भाऊ आम्ही. तुम्हाले लागत असंल तर बसा फुकट." सरांनी शून्य लिहिलं. मी काकूचं वाक्य लिहिलं आणि दिवसभर मिरवलं.

गावाच्या खालच्या अंगाला, नाला तापीला मिळतो तिथं सरकारी जमिनीचा एक तुकडा आहे. बाभळी, रुई, मधूनमधून वाळल्या काट्यांचे ढीग. त्याबद्दल प्रत्येक घरात मी विचारलं आणि प्रत्येक घरातून एकच उत्तर आलं. आमच्या घराचा फॉर्म वहिनीला विचारून भरला. ती मेथी निवडत होती.

"नाल्याखालची जागा कशाला वापरता वहिनी?"

"काही नही."

"सरपण आणत असाल."

"नही."

"ढोरं?"

"नही म्हटलं ना भाऊजी. पुढचं विचारा."

मी लिहिलं, 'काही नाही', आणि पुढचं विचारलं.

आमचं गाव सरपणाला वाळली काडी सोडत नाही. दुसऱ्याच्या बांधावरची फांदी ओढताना भांडणं होतात. आणि तिथली बाभूळ कुणी तोडत नव्हतं. डोळे असलेल्या माणसाला एवढं दिसायला हवं होतं. मी फॉर्म बघत होतो.

नकाशा तयार झाला तेव्हा पंचायतीच्या हॉलमध्ये पडद्यावर दाखवला. केळी हिरवी, कापूस पांढरा, घरं तपकिरी. नाल्याखालचा तुकडा पिवळा: 'वापरात नसलेली, उपलब्ध'. अहवालाची शिफारस अशी की कसती जमीन बांधकामात घालवू नका, जे उभारायचं ते पिवळ्यावर उभारा. यात चूक काय काढणार? आमची संघटना हेच ओरडत होती. आणि जे उभारायचं होतं तीही आमचीच मागणी, केळीचं पॅकहाऊस. आमची केळी रस्त्याच्या कडेला उन्हात ट्रकमध्ये भरली जाते. घड काळे पडतात आणि व्यापारी त्याचंच निमित्त करून भाव पाडतो. केळी धुवायला, खोक्यात भरायला, गार ठेवायला छप्पर हवं म्हणून आम्ही मोर्चे काढले होते. सरपंच म्हणाले, "जागा तर सापडली. पुढच्या सभेत ठराव घेऊन टाकू." मी टाळी वाजवली. माझी एकट्याचीच वाजली.

त्या दिवशी दादा जेवला नाही. सकाळी माय ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली.

"तू काय लिहून दिलं रे त्यायले?"

"लोक बोलले तेच."

"लोक ते बोलणारच नही ना." तिनं दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तिथं लहान लेकरं ठेवतात गावातले. आपली पोरगी तिथंच आहे."

मोठ्यांना जाळतात आणि दात न आलेल्या लेकराला पुरतात, हे मला माहीत होतं. जसं पुस्तकातलं माहीत असतं तसं. कुठं पुरतात, हे विचारायचं कधी सुचलं नाही. दादाची पहिली मुलगी अकरा दिवसांची गेली तेव्हा मी खंडव्याला होस्टेलवर होतो, परीक्षा चालू होती. दादा फोनवर म्हणाला, "येऊ नको, झालं सगळं." बारशाच्या आधीच गेली, म्हणून तिला नाव नाही. माय सांगत गेली आणि मी पहिल्यांदा ऐकत होतो. बापानं आणि सोबत एखाद्यानं न्यायचं. पुरायचं, कुत्री उकरू नयेत म्हणून वर बाभळीचे काटे टाकायचे आणि मागे न बघता घरी यायचं. दगड ठेवायचा नाही, खूण करायची नाही. आईनं तिकडं कधी जायचं नाही. घरात कुणी विषय काढायचा नाही. काढला तर ते लेकरू तिथंच अडकतं, परत कुणाच्या पोटी येत नाही, असं बाया मानतात.

म्हणजे 'काही नही' म्हणणं हाच ती जागा सांभाळायचा रिवाज होता. मी तो घरोघर जाऊन उतरवून घेतला आणि पडद्यावर लावला.

मी तडक बुऱ्हाणपूरला, मॅडम उतरल्या होत्या त्या गेस्ट हाऊसवर गेलो. गेलो तोच ओरडत. तुम्हाला माणसं दिसत नाहीत, रंग दिसतात, असं बरंच काही बोललो.  मॅडमनी फाइल उघडून माझ्यापुढं ठेवली. पानामागून पान, अक्षर माझं.

"लिखा तो आपने ही है," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता. पुढं म्हणाल्या, की नकाशा आजच्या आज बदलते, पण एका माणसाच्या सांगण्यावरून नाही. उद्या कुणीही येऊन कुठल्याही जागेबद्दल काहीही सांगेल. सभेत गावातल्या दोघांनी उभं राहून सांगू दे, मी 'दफनभूमी' लिहिते, मग तिथं कुणी हात लावणार नाही.  पदरचं काही घालायचं नाही, हा नियम मीच त्यांना शिकवला होता.

तिथून थेट टायपिंगच्या दुकानात गेलो आणि उभ्या उभ्या पत्रक सांगितलं. 'आमची लेकरं पडीक नाहीत.' माझ्या सगळ्या पत्रकांत ते चांगलं उतरलं होतं, अजूनही वाटतं. कच्चा कागद घेऊन घरी आलो आणि दादाला दिला. त्यानं शेवटपर्यंत वाचला, "हिलेच दाखव," म्हणाला आणि वहिनीच्या हातात देऊन बाहेर निघून गेला.

वहिनीनं उभ्यानं वाचला.

"किती छापले?"

"अजून नाही. हजार काढू म्हणतो."

"वाटणार कुठं?"

"बसस्टँडवर. निंबोल्याला, दापोऱ्याला, बाजाराच्या दिवशी. कलेक्टर ऑफिसात."

"माझं नाव आहे याच्यात?"

"कुणाचंच नाही वहिनी. फक्त गावाचं आहे."

"मग झालंच की. बसमधला माणूस बोट दाखवून म्हणेल, हेच ते पोरं पुरायचं गाव. आणि गावात आता दोघी पोटुशी आहेत. त्यायनं हे वाचून काय करावं?"

मी समजावायला लागलो. गप्प राहिलं की कुणाचं फावतं, आवाज उठवल्याशिवाय काही मिळत नाही, आपण बोललो नाही तर आज नाही तर उद्या जेसीबी येईलच. ही वाक्यं मला पाठ आहेत, शंभरदा बोललो आहे.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "ती माझी पोर आहे. तुमची मागणी नही."

मी तरी थांबलो नाही. लाज वाटते, पण नाही थांबलो. म्हटलं, वहिनी, यात तुमचंच भलं आहे.

"तुम्ही बोलता चांगलं," ती म्हणाली. "पण त्याच्यानंतर मी दोन पोरं वाढवली, तिचा विषय एकदाही तोंडातून न काढता. मले काय लागलं ते तुमच्या रकान्यात बसत नही. हे वाटू नका. आणि सभेतही तुम्ही सांगू नका. सांगायचं असंल तर गाव सांगेल."

मी शब्द दिला. हे लिहायच्या आधीही तिला विचारलं. "गावाचं नाव नका टाकू," एवढंच म्हणाली. म्हणून ते नाही.

सभेत ठराव वाचला गेला. सरपंचांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. मॅडम पुढच्या खुर्चीवर वही उघडून बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मी उभा राहिलो.

"ती जागा गावाच्या वापरात आहे," मी म्हणालो.

"कसला वापर?" सरपंचांनी विचारलं. पण माझ्याकडे न बघता, टेबलाकडे बघून.

मी मागे वळून पाहिलं. दादा होता. चुलते होते. ज्यांच्या घरी मी फॉर्म भरले ती सगळी माणसं होती. एकानंही मान वर केली नाही. मागच्या ओळीतून एक म्हातारा म्हणाला, "पुढचा विषय घ्या हो, ऊन चढू राहिलं." कलेक्टरच्या दालनात आडवा पडून घोषणा देणारा मी खाली बसलो. मॅडमनी वही मिटली. ठराव मंजूर झाला.

साफसफाई सोमवारी सुरू होणार होती. शुक्रवारी दुपारी वहिनीनं हात पुसले आणि दादाला म्हणाली, "चला. दाखवा मले."

"बाया जात नही तिथं."

"सोमवारपासून सगळेच जातील."

दादा चप्पल घालू लागला. मी अंतर ठेवून मागे गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. नाल्याच्या कडेनं आणखी बाया चालल्या होत्या, कुणी नवऱ्याबरोबर, कुणी सासूबरोबर. एकमेकींकडे कुणी बघत नव्हतं. सरपंचांच्या घरच्या बाई एकट्याच होत्या, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला.

दादा एका रुईच्या झाडापाशी थांबला. "इथं." मग दहा पावलं पुढं गेला. "नही, इकडं असंल." मग तिसरीकडे. रुई तिथं जागोजाग होती. "पावसाळ्यात नाला वर येतो," तो म्हणाला. "माती सरकते दरसाल." आणि जरा वेळानं, "खूण करायची नसते ना."

 वहिनीनं चपला काढल्या आणि त्या तुकड्याच्या एका टोकापासून चालायला सुरुवात केली. निंदणीला बाया ओळ धरतात तशी तिनं ओळ धरली. त्या टोकाला जायची, वळायची, शेजारची ओळ धरून परत यायची. काटे होते, ऊन होतं. दादा उभा होता तिथंच उभा. सगळा तुकडा पायाखालून गेल्यावर ती त्याच्याजवळ आली.

"कशात गुंडाळलं होतं तिला?"

"लग्नातल्या माझ्या शेल्यात." हे त्याला आठवावं लागलं नाही.

"मी तो शेला किती शोधला," वहिनी म्हणाली. "मले वाटलं तुमच्या बहिणीनं नेला."

दादाला हसू आलं. खरंच आलं. मग त्याचा चेहरा पुसल्यासारखा झाला आणि तो खाली बसला. वहिनी त्याच्या शेजारी बसली. मी तापीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण दुसरं काही करण्यासारखं मला सुचत नव्हतं. शाळा सुटायची वेळ झाली तेव्हा ती उठली, पायातला काटा काढला आणि आम्ही घरी आलो.

पॅकहाऊस उभं राहिलं. खोटं कशाला बोलू, चांगलं चाललंय. घड काळे पडत नाहीत. दादाचा मालही तिथंच धुतला जातो, पण तो मजुरांबरोबर पाठवतो, स्वतः जात नाही. मॅडमचा पक्का अहवाल पोस्टानं आला. मी तो उघडून पिवळा तुकडा शोधला. आता तो राखाडी आहे, 'सामाईक सुविधा'. मी संघटनेत अजून आहे, पत्रकंही लिहितो, पण लिहून झाल्यावर पहिल्यांदा घरी दाखवतो. दोन पत्रकं त्यामुळं निघाली नाहीत. सोबतची पोरं म्हणतात, तू ढिला पडला. पडलो असेन.

या पावसाळ्याच्या शेवटी गावात एक बाळ गेलं, सातव्या महिन्यातच जन्मलेलं. सकाळी मी ओट्यावर होतो. दोन माणसं छातीशी कापडात काहीतरी धरून शिवाराच्या वाटेनं निघाली. पुढं वाट फुटते. कुठल्या बाजूला वळतात ते तिथं बसून मला दिसलं असतं.

मी उठून आत गेलो.