त्र्यंबकचं ल्यूट आणि मीनाक्षीकाकूंची उडी

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी आमच्या मुलाच्या वरच्या मजल्यावर त्र्यंबक राहायचा. मूळचा साताऱ्याकडचा. काचेला तडे का जातात, यावर पीएचडी करत होता. मी म्हटलं, "आमच्या गावी ये, क्रिकेट खेळणारी पोरं फुकटात दाखवतील." खो खो हसला. तिथून आमची गट्टी.

पण पोराचा जीव होता ल्यूटमध्ये. ल्यूट म्हणजे युरोपातलं चार-पाचशे वर्षांपूर्वीचं तंतुवाद्य. अर्ध्या भोपळ्यासारखं पोट नि मान एकदम मागे वळलेली. पहिल्यांदा बघून मला वाटलं, बसमध्ये मोडलं बिचारं! युनिव्हर्सिटीतल्या एक बाई त्याला शिकवायच्या, वाद्यही त्यांनीच वापरायला दिलेलं. हिवाळ्यात हीटरनं लाकूड सुकतं म्हणून हा पेटीत ओला स्पंज ठेवी. रूममेट सिद्धेश ओरडे, "यार, इथे आमचे ओठ फुटलेत, त्याचं काय?"

दुःख एकच. वाद्याचा आवाज फार नाजूक. तिथल्या मराठी मंडळाच्या आदल्या गणपतीत त्यानं वाजवलं, तेव्हा पहिल्या रांगेतही भज्यांचाच आवाज जास्त होता. दोन हजार सहाचा गणपती आला, तसा जिन्यात मला म्हणाला, "आजोबा, यंदाही कुणी ऐकलं नाही, तर वाद्य बाईंना परत करणार. आपल्याच माणसांना नको असेल, तर कशाला वाजवायचं?"

हॉल भाड्याचा, पण आत बाप्पा, म्हणून बूट-चपला दाराशी. त्र्यंबकनं आधी संथ नाच वाजवला, पावान नावाचा. मंडळी मांडी घालून, शोकसभेसारखी तोंडं करून बसली. मग हळूच मोदकांवर चर्चा सुरू झाली. एक नातू मोठ्यानं म्हणाला, "इज इट ब्रोकन?" त्र्यंबकचे कान लाल.

इतक्यात मीनाक्षीकाकूंनी तोंड उघडलं. ह्या नागपूरच्या, मंडळाच्या मंगळागौरीत सगळ्यांना खेळवणाऱ्या.

"काय रे, हे भजन आहे का?"

"नाही काकू, नाचाचं संगीत. तेव्हा लोक यावर नाचायचे."

"मग आम्हाला हात बांधून बसवलंस कशाला, मेल्या? जलद काही असेल तर वाजव."

होतं ना! गॅलियार्ड. चार पावलं नि एक उडी, चार पावलं नि एक उडी. काकूंनी पदर खोचला, आमच्या सूनबाईला, राधिकाला, हाताला धरून ओढलं. बघता बघता बायकांचा गोल झाला, झिम्म्याच्या टाळ्या पडू लागल्या.

"काकू, टाळ्यांत मी बुडतोय!" त्र्यंबक कळवळला.

टाळ्या थांबल्या. अनवाणी पावलांचा तर आवाजच नाही. पण तेवढ्यात पोरांनी गिल्ला केला, नि अर्धा गोल उडाला, अर्धा जमिनीवरच राहिला. राधिका काकूंच्या अंगावर!

"गप्प बसा सगळे!" काकू गरजल्या. "ठेका ऐकू येत नाही, उडी चुकतेय!"

अहो, काय सांगू! मोदक हातातल्या हातात राहिले. मी शेवटी, चपलांपाशी बसलेला, मला एकेक तार स्वच्छ ऐकू आली. त्र्यंबक मान खाली घालून वाजवत होता, पण गालात हसू मावत नव्हतं. संपल्यावर काकू धापा टाकत म्हणाल्या, "पुन्हा! आता उडी जमायला लागलीये." पुन्हा झालं. मग पुरुषही उठले. मीही उडालो, गुडघा अजून आठवण काढतो.

दुसऱ्या दिवशी वर गेलो, तर सिद्धेश दुकानातून आलेला. हिवाळ्याला अजून बराच अवकाश होता, तरी पठ्ठ्यानं नवा स्पंज आणलेला.

"घे यार," तो म्हणाला, "तुझ्या लाडकीला. हिवाळाभर ती आता इथेच राहणार ना!"