चपट्या नाकाची गोळी

भाजीवाल्याकडे भेंडीचं टोक मोडून बघावं, तसे पास्कलभाऊ बंदुकीच्या दुकानात गोळीचं टोक अंगठ्याच्या नखाने दाबून बघत. शिशाचं नाक उघडं हवं, शिवाय चपटं हवं. पूर्ण तांब्याने मढवलेली गोळी कुणी पुढे केली, की ते मान हलवत. "ही आरपार जाईल आणि डुक्कर कुठल्यातरी झुडपात कण्हत पडेल. मारायचंच तर त्याला कळायच्या आत मारावं रे."

डॉ. पास्कल लोपीस मूळचे वसईचे. घरच्या केळीच्या वाडीत रानडुकरं शिरत, तेव्हा त्यांचे वडील ठासणीची बंदूक घेऊन राखणीला बसत. तिथूनच हा नाद लागला. सत्तरच्या दशकात न्यू साउथ वेल्समधल्या एका गव्हाच्या गावात ते डॉक्टर होते आणि मी तिथल्या शाळेत गणित शिकवत होतो. गावात मराठी घरं आमची दोनच.

शनिवारी सकाळी शिकारीला निघालेले शेतकरी त्यांना दुकानात गाठत. "डॉक, माझ्या थर्टी-थर्टी रायफलला कुठली गोळी घेऊ?" भाऊ फुलून जात. दवाखान्यात लोक नाइलाजाने येतात, इथे आपणहून विचारतात, याचं त्यांना कोण अप्रूप! मला ते जरा केविलवाणं वाटे. "भाऊ, एवढं काय त्यात?" मी म्हणे. "तुला नाही कळायचं. या गावात मी आता यांच्यातला आहे," ते म्हणत.

ती सगळी लिव्हरची, म्हणजे घोड्याजवळचा दांडा खालीवर करून काडतूस पुढे आणायची रायफल वापरणारी माणसं. तिच्या नळीखाली दुसरी नळी असते आणि तिच्यात काडतुसं एकामागे एक बसतात. मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकतं, आणि त्या बुडातच बार पेटवणारी टोपी असते. नाक टोकदार असलं, तर रायफलच्या धक्क्याने ते टोपीत घुसून आतल्या आत बार उडू शकतो. म्हणून भाऊंचा हट्ट: "नाक चपटं. त्यात वाद नाही."

त्यांचा जिवलग दोस्त केविन. त्याच्या मेहुण्याने एकदा घरीच काडतुसं भरून दिली, टोकदार गोळ्यांची. लांबवर जातात म्हणे. शिकारीला गेल्यावर भाऊंनी ती पाहिली आणि भडकले. त्यांनी स्वतःच्या हाताने केविनची रायफल रिकामी केली. केविन हसला, "नो वरीज, डॉक," म्हणाला आणि पुन्हा भरली. भाऊ रागाने यूटमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या त्यांच्या गाडीत जाऊन बसले. थोड्या वेळाने बार झाला आणि पाठोपाठ किंकाळी आली. केविनच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. भाऊंनी अंगातला शर्ट फाडून हात बांधला आणि यूट पिटाळत त्याला हॉस्पिटलात पोचवलं.

गावाने मात्र ठरवून टाकलं, की काडतुसं डॉकनेच निवडली असणार. सगळ्यांची तेच निवडत ना! मेहुणा गावाचा लाडका, फुटबॉलचा कोच. केविनने तोंड उघडलं नाही. दुकानात भाऊ आले, की बोलणं थांबू लागलं. पेशंट पुढच्या गावच्या डॉक्टरकडे जाऊ लागले.

मी चिडलो. "भाऊ, पबमध्ये उभे राहा आणि सांगा सगळ्यांना."

"मी सांगितलं तर ती सारवासारव वाटेल. केविन सांगेल. हात बरा होऊ दे त्याचा."

हात बरा झाला. फिलोमिनावहिनी तेवढ्या स्पष्ट बोलल्या, "तो नाय सांगायचा, ओ. त्याला इथंच राहायचंय."

ऐंशीच्या दशकात भाऊ-वहिनी सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात आले. रायफल विकली. काही वर्षांनी मीही जवळच राहायला आलो. भाऊ शिकारीचं नाव काढत नसत, पण गावाकडचं कुणी भेटल्याचं मी बोललो, की विचारत, "केविन काय म्हणतो? काही बोलला का?" त्या माणसाची इतकी वाट बघावी, याचा मला मनस्वी संताप येई. एका सकाळी चहा घेता घेता भाऊ गेले.

चर्चमध्ये अंत्यविधीला केविन आला होता. इतक्या लांबून गाडी चालवत. प्रार्थना संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "डॉकने मला बजावलं होतं, मेट. मीच ऐकलं नाही. लव्हली ब्लोक, फार भला माणूस."

"हे गावात कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मग मला कशाला सांगतोस?" मी म्हणालो. "ज्याला ऐकायचं होतं, तो त्या पेटीत आहे."

त्याने माझ्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला. मी मागे सरलो.