तांडेलाची गोळी आणि दारातला माड

देवबागात आमचा होमस्टे आहे. जेवणं झाली की पाहुणे गप्पागजालींना बसतात आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच, "तुमचे दादा रोज जेवल्यावर तुमच्यासमोर हात पुढे करून का उभे राहतात?" मग मला पहिल्यापासून सांगावं लागतं. किस्से जमवायला मी कुठे गेलो नाही हो, घरात तांडेल आणि गोळी एकत्र नांदायला लागली की ते आपोआप साठतात.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. डॉल्फिन बघायला जाणारी आमची होडी तोच हाकतो, म्हणजे तिचा तांडेल तो. तीस वर्षं समुद्रात कधी डगमगला नाही, तो डगमगला कट्टा गावच्या बाजारात. होड्या पावसाळ्यासाठी वर ओढल्या, त्याच आठवड्यात. सकाळपासून अर्धं डोकं ठणकत होतं. केळीवाल्याशी घासाघीस करता करता बाजार गरगरायला लागला, तसा दादाने एसटी स्टॉपचा खांब दोन्ही हातांनी धरला आणि खणखणीत हुकूम दिला, "नांगर टाक रे!"

केळीवाल्याने घाबरून हातातला अख्खा घड टाकला. दादा म्हणाला, "आता बरा."

*

सावंतवाडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मायग्रेन आहे आणि चक्करही त्याचीच. रोज रात्री एक गोळी. दुखणं थांबवायची नव्हे, येऊच नये म्हणून घ्यायची. तोवर होडीला हात लावायचा नाही. नारळी पौर्णिमेला तपासू, मधे एकदाही चक्कर आली नाही तर होडी तुमची, नाहीतर मुलाच्या हातात द्या.

दादाचा चेहरा पडला. होडीशिवाय दादा म्हणजे नुसता लुंगीतला एक माणूस, हे त्यालाही ठाऊक आहे.

"दुखणा नाय तेव्हा गोळी खावची?" त्याने विचारलं.

डॉक्टर हुशार. म्हणाले, "होडीला तेल कधी पाजता? गळायला लागल्यावर?"

दादाला हे पटलं. फारच पटलं. तो म्हणाला, "होडयेक तेल वर्षातसून एकदाच. मगे ह्यो तीसय गोळ्यो एकदाच घेतंय."

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला, दादाच्या हातातून गोळ्या घेतल्या आणि माझ्या हातात दिल्या. तेव्हापासून त्या माझ्या कपाटात कुलपात आहेत, आणि रोज एक मोजून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

*

तरी पहिली गोळी पोटात जायला चार दिवस लागले, कारण देवाला विचारलं नव्हतं. आमच्याकडे होडी विकत घेण्यापासून पोरीच्या सोयरिकीपर्यंत सगळ्याला कौल लावतात. गुरव पाषाणावर फुलांच्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली की होय, डावी पडली की नाही.

मी गोळ्यांची पट्टी घेऊन देवळात उभा. लाज वाटत होती, पण करतो काय! गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि उजवी कळी टपकन पडली. मी सुटलो म्हणून हात जोडले, तर दादाने दुसरा कौल मागितला, जेवणाआधी की जेवणानंतर?

गुरव थकला होता. म्हणाला, "ता औषधाच्या दुकानात इचार. देवाक सगळाच कशाक?"

निघताना त्याने मला बाजूला घेतलं. त्याचंही डोकं दुखायचं, एखादी गोळी मिळेल का म्हणून विचारलं. मी म्हटलं, ही दादाच्या नावची आहे, तुम्ही तुमच्या डोक्याला घेऊन डॉक्टरांकडे जा. तर म्हणतो, कौल लावून बघतो.

*

गोळीने झोप येईल, वजनही वाढू शकेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दादाला तेवढंच नेमकं लक्षात राहिलं. आठवड्याने तो पोटावर हात फिरवत म्हणाला, "बघलंस? गोळयेचा पोट."

वहिनीने आत जाऊन लग्नाचा अल्बम आणला. माझ्या लग्नाचा. त्यात हे पोट नवरदेवाच्या पुढे उभं होतं.

दुपारी झोपण्याचीही त्याला आता सोय झाली. कोणी उठवायला गेलं की डोळे न उघडता सांगायचा, "मी नाय झोपलंय, गोळी झोपलीहा."

*

नारळी पौर्णिमेला चार दिवस उरले होते. एवढ्या दिवसांत एकदाही चक्कर नव्हती, दादाने होडीची रंगरंगोटीही उरकली होती. सकाळी मी अंगणात आलो, तर दादा दारातल्या माडाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा. डोळे गच्च मिटलेले.

"काय करतंस?"

"माड पडतलो. धरून ठेवलंय."

वाऱ्याचा मागमूस नव्हता. तो माड आमच्या बापाने लावलेला, गेल्या वादळात घराची कौलं उडाली तेव्हाही जागचा हलला नव्हता. मला दादाचा राग आला आणि कीवही आली. मीही दुसऱ्या बाजूने माड धरला. वहिनी बाहेर आली, दोघांना बघितलं आणि आत गेली. अर्ध्या तासाने दादाने डोळे उघडले. माड थांबला होता. म्हणाला, "रवलो."

सावंतवाडीला जाताना मी ठरवलं होतं, आपण तोंड उघडायचं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "मधे एकदाही चक्कर आली नाही ना?"

दादाने वरच्या पंख्याकडे बघितलं. मग म्हणाला, "माका नाय. पण आमच्या दारातलो माड एकदा गरगरलो."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी वजनकाट्याकडे बघितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सांगितलं, आणखी महिनाभर गोळी, तोवर होडी मुलाकडे.

परतताना घर दिसायला लागलं तेव्हा दादा एवढंच बोलला, "होडयेत लोकांची पोरां बसतत रे."

मोसम सुरू झाला. होडी त्याच्या मुलाने, नीलेशने नेली. दादा किनाऱ्याच्या पुळणीवर उभा राहून दोन्ही हातांनी वळणं दाखवायचा. नीलेश पाठ करून बसायला शिकला. दादाने तो महिना असा उन्हात उभ्याने काढला, पण एक गोळी चुकवली नाही.

महिन्याने पुन्हा सावंतवाडी. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघितलं, डोळ्यांपुढे बोट फिरवलं, सरळ रेषेत चालायला लावलं. मग खुर्चीत बसून, जुना कागद समोर ठेवून, अगदी गंभीरपणे विचारलं, "माड कसा आहे?"

"बरो आसा."

"या महिन्यात हलला?"

दादाने प्रामाणिकपणे आठवून बघितलं.

"एकदा हललो. पण तेव्हा वारो होतो. सगळेच हलले."

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, "मग उद्यापासून होडी तुम्ही घ्या. गोळी मात्र तुम्ही आणि माडाने, दोघांनीही चालू ठेवा."