छापण्याजोगी मराठी

बाळकुमच्या मराठी शाळेत मी असिस्टंट मास्तर होतो. वय पंचविशीच्या आत, आणि लेखक होण्याच्या इच्छेनं पुरता पछाडलेला. ठाण्याला तेव्हा शिळाछापावर एक साप्ताहिक निघे. त्याचे संपादक, छापणारे आणि अंक बांधून टपालात टाकणारे एकच गृहस्थ होते. शनिवारी शाळा सुटली की मी चालत त्यांच्याकडे जाई. हाताला शाई लागलेली असे, तिच्यासकट ते माझे कागद घेत, चार ओळी वाचत आणि म्हणत, "मास्तर, विचार बरा आहे. भाषा अजून छापण्याजोगी नाही."

छापण्याजोगी भाषा म्हणजे काय, हे मी त्यांच्याच अंकांतून शिकलो. सूर्य उगवत नसे, तो उदयाचलावर आरूढ होई. माणूस रडत नसे, अश्रुपात करी. मी एक वही केली, तीत असे शब्द उतरून काढले आणि रोज दहा पाठ करू लागलो.

त्या वर्षी भाद्रपदातल्या अमावास्येच्या उधाणाला बाळकुमचा बांध फुटला. खाडीचं खारं पाणी शेतात शिरलं असतं तर पोटरीला आलेलं सगळं भात जळून गेलं असतं. गावची माणसं छातीभर पाण्यात उभी राहून बांधाला पडलेल्या खांडात चिखल आणि पेंढा भरत होती. त्यातला एकजण पाय घसरून ओढीबरोबर गेला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो कोलशेतच्या बाजूला सापडला. हिवाळ्यात मिठागरावर, पावसाळ्यात शेतावर राबणारा साधा माणूस. त्याला मुलगी नव्हती, मुलगा नव्हता, कुणी नव्हतं. मागे फक्त बायको राहिली.

मी हे सारं पाहिलं होतं. त्या आठवड्यात मी कल्याणला सासरी असलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला पत्र लिहिलं. आक्काला अक्षरओळख मीच करून दिली होती. तिला मोडी येत नसे, म्हणून तिला पत्रं मी बालबोध अक्षरांत, सावकाश लिही. पत्र टपालात टाकल्यावर मी वही उघडली आणि साप्ताहिकासाठी तीच हकीकत लिहायला बसलो. "तो धैर्यमेरू नरपुंगव क्षुब्ध सागराच्या करालवदनात निर्भयपणे प्रवेशता झाला," अशी सुरुवात होती. संपादकांनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली. लेख पहिल्या पानावर आला. ठाण्याच्या वाचनालयात दोन वकिलांनी मला उभं राहून नमस्कार केला.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. एके दिवशी त्या माणसाची बायको शाळेच्या पायरीशी येऊन बसली.

"मास्तर, माजे दादल्याचा तुमी कागदान लिवलाय? वाचून दावा ना."

मी वाचलं. ती मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मला वाटलं, ती रडते आहे. मग तिनं विचारलं, "यो कोन मानूस?"

"अगं बाय, तुझाच नवरा."

"नाय. त्याला कमी आयकाला यायचा. जोरान हाक मारली तरच वलून बघायचा. ता लिवलाय?"

"नाही."

"जाताना मना बोलला, भाकर झाकून ठेव, आलूच. ता तरी?"

तेही नव्हतं. ती उठली, पदर सावरला आणि गेली. मला एक वाकडा शब्दही बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवसापासून मी तो लेख पुन्हा लिहायला बसत असे आणि उठत असे. वहीतले शब्द आता न बोलावताच येत होते. 'पाणी' लिहायला जावं तर लेखणीतून 'जलौघ' उतरे. आपल्याला मुळात वेगळं काही लिहिता येतं का, याचीच शंका वाटू लागली.

भाऊबीजेला कल्याणला गेलो. ओवाळून झाल्यावर मी तो छापलेला अंक मोठ्या दिमाखानं आक्कापुढे ठेवला, खरं म्हणजे धीर यावा म्हणून. तिनं बोट ठेवत अर्धं पान वाचलं.

"अरे, हे तू कुणाकडून लिहवून घेतलंस?"

"मीच लिहिलंय."

ती आत गेली आणि माझं भाद्रपदातलं पत्र घेऊन आली. घड्यांवर ते फाटायला आलं होतं. "हे मी माजघरात सगळ्या बायकांना तीनदा वाचून दाखवलं. सासूबाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, त्या मेल्या उधाणाला तेव्हाच यायचं होतं का!"

पत्रात मी लिहिलं होतं: 'आक्का, पाणी आलं तेव्हा आवाज झाला नाही. बांध नुसता बसला, दमलेला माणूस बसतो तसा.' हे वाक्य मी लिहिल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. मी ते पत्र तिच्याकडून मागून घेतलं, गावी आलो, त्या बाईकडे जाऊन विचारायचं ते विचारलं आणि दोन दिवसांत नवा मजकूर तयार केला. त्यात नरपुंगव नव्हता. कमी ऐकणारा एक माणूस होता, आणि झाकलेली भाकर होती.

संपादकांनी तो वाचला आणि चष्मा काढला. "मास्तर, मरायला निघालेला वीर भाकरीचं बोलत नाही."

"तो मरायला निघाला नव्हता. बांध घालायला निघाला होता."

"लोक हसतील. तुम्हाला नाही, मला. वीस वर्षं हे पत्र चालवतोय मी. मराठीत वाचण्यासारखं काही नाही असं म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून चालवतोय. हे बायकी लिखाण मी त्यांच्यापुढे ठेवू?"

त्यांचा राग मला समजत होता. त्या घडीव भाषेत त्यांचा सगळा अभिमान होता. "भाकरी काढा, छापतो," ते म्हणाले. मी कागद उचलले.

माघात एका अंकाला मजकूर कमी पडला, तेव्हा त्यांनी स्वतः निरोप पाठवून लेख मागवला. एक शब्दही न बदलता छापला. वर मात्र टीप घातली, की भाषेची जबाबदारी लेखकाची. एका शास्त्रीबुवांनी अशुद्धांची यादी पाठवली. पण अंक हातोहात फिरला. वाचनालयात जाहीर वाचन ठरलं आणि ते रंगलं.

खरा मोह त्यानंतर आला. वाचनालयातल्या मंडळींनी गळ घातली: "मास्तर, त्या गावठी बोलीतलं आणखी काही येऊ द्या." मी कोलशेतच्या तरीवरचं, खाडी ओलांडायच्या होडीतलं भांडण लिहिलं. भांडण खरं होतं, पण माणसांच्या तोंडी मी नाही नाही ते घातलं, हेल वाढवले, वाचताना तोंड वेडंवाकडं केलं. लोक गडाबडा हसले. कोलशेतचा एक शेतकरी वकिलाला भेटायला आलेला, मागे उभा होता. सगळे हसले की तोही हसे, जरा उशिरानं. वाचन संपताच मी कागद खिशात घातले.

"द्या इकडे, येत्या अंकात घेतो," संपादक म्हणाले.

"नको. यातलं कुणीच असं बोललं नव्हतं."

ते कळवळून म्हणाले, "अहो, लोक मागतायत! आजवर माझ्या पत्रातलं कधी कुणी काही मागितलं होतं का?"

त्यांचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. तरी मी दिलं नाही. त्याऐवजी भातकापणीला आमची शाळा कशी ओस पडते, मुलांवाचून पडलेल्या चौदा पाट्या आणि एक मास्तर कसे समोरासमोर बसतात, एवढंच लिहून दिलं. त्यात हसण्यासारखंही नव्हतं आणि रडण्यासारखंही. ते शेवटच्या पानावर, सरकारी जाहिरातींच्या खाली आलं. वाचनालयात त्याविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही.

महिन्याभरानं एका रविवारी डोंबिवलीकडचे एक मास्तर पत्ता विचारत माझ्या दारी आले. उन्हानं लाल झाले होते. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "आमच्याकडे पाट्या अकरा आहेत. तुमचा लेख मी मुलांच्या बापांना वाचून दाखवला. चौघांनी ऐकून घेतलं." मग आम्ही ओटीवर बसून, कापणीच्या दिवसांत शाळा पहाटे भरवता येईल का, याचा विचार करत राहिलो. निघताना त्यांनी विचारलं, पुढं काय लिहिताय. अजून ठरलं नाही, मी म्हणालो, आणि ते खरंच होतं.