कोट्यातली जागा मी नाकारली

सीईटीचा निकाल लागला तेव्हा इंजिनिअरिंगला जायचं एवढं ठरलेलं होतं. कसं जायचं, यावरून आमच्या पूर्णगडच्या घरात वाद सुरू झाला.

मुंबईच्या काकांनी ओळखीनं एका खासगी कॉलेजात संस्थेच्या कोट्यातली जागा धरून ठेवली होती. शनिवारपर्यंत होकार द्या, शिष्यवृत्तीचं मागाहून बघू, असं ते फोनवर म्हणाले. बाबा ट्रॉलरवर खलाशी, आई बाजारात मासे विकते. आयती आलेली जागा सोडू नये असं बाबांना वाटत होतं.

मी एसटीनं रत्नागिरीला प्रवेशाच्या सुविधा केंद्रावर गेले. तिथल्या मॅडमनी माझा उत्पन्नाचा दाखला नीट वाचला. म्हणाल्या, "कोट्यातून गेलीस तर फीमाफी विसर. सरकारच्या कॅप राउंडमधून, म्हणजे गुणांच्या यादीतून, जागा मिळाली तरच ती मिळते. मागाहून काही करता येत नाही."

घरी येऊन हे सांगितल्यावर बाबांनी विचारलं, कॅपमधून नाहीच मिळाली तर? आई कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ह्यातलं कळत नाय. पन तू जाऊन विचारून आलीस. बाकी कोनी विचारलं नाय. तू म्हनशील तसं करू."

शनिवारी मीच काकांना नकार कळवला. त्यांनी रागानं फोन ठेवला.

आणि पहिल्या यादीत मला काहीच मिळालं नाही. मी पुन्हा केंद्रावर गेले. माझ्या फॉर्मवर चारच कॉलेजं होती, चारही मोठ्या नावाची. मॅडमनी मला शेजारी बसवलं. एकेक कॉलेज दाखवून त्या विचारायच्या, इथे मिळालं तर खरंच जाशील का? मी हो म्हटलं की ते यादीत चढायचं. आवडीचं वर, बाकीची खाली. दुपारपर्यंत यादी भलीमोठी झाली.

दुसरी यादी लागली त्या सकाळी मी आईबरोबर बाजारातच होते. मोबाइलवर पान उघडायला वेळ लागला. मग दिसलं: सरकारी कॉलेज, कॉम्प्युटर शाखा, मी दुसऱ्या क्रमांकावर भरलेलं.

आईला सांगितलं तेव्हा एक गृहस्थ बांगड्याचा भाव विचारत होते. तिनं पदराला हात पुसले, मोबाइल घेतला आणि त्यांच्यासमोर धरला.

"भाव मागनं सांगते. आधी हे वाचा. मोठ्यानं वाचा."

त्या गृहस्थांनी माझं पूर्ण नाव, कॉलेज, शाखा, सगळं खणखणीत वाचलं. बाजूच्या बायका आपापल्या टोपल्या सोडून आल्या. त्यांच्यासाठी ते पुन्हा वाचावं लागलं. संध्याकाळी बाबा बंदरावरून आले तेव्हा तिसऱ्यांदा मी वाचलं, आणि ते पहिल्यांदाच मनमोकळं हसले.

हॉस्टेलला पोचवायला काका आपणहून आले. माझी बॅग त्यांनी कुणाला उचलू दिली नाही.